पंचमाची तार

गणपतीतली रात्र होती. नेर परसोपंतातल्या एका मंडपात भजनाला मी पहिल्यांदाच गिटार घेऊन बसलो होतो. बाहेर झड लागलेली, ताडपत्रीवर तिची बारीक टपटप. आत हार्मोनियम, ढोलकी, दोन खंजिऱ्या, टाळ आणि कोपऱ्यात काकाजींची एकतारी. मी पहिला कॉर्ड छेडला आणि बॉक्समधून जे बाहेर पडलं ते माझ्या मांडीवरच्या लाकडाचं नव्हतंच. साउंडवाल्या दादानं मान वर केली. "भाऊ, तुमची गिटार टिनावर खडे पडल्यावानी वाजून रायली."

खरं होतं ते. घरी ओसरीवर हीच गिटार वाजवली की तिचा आवाज भिंतीला टेकून बसतो, पोटात जाणवतो. मंडपात त्याचं नुसतं टरफल उरलं होतं.

त्या रात्रीनंतर प्रीॲम्पच्या, म्हणजे गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये बसणाऱ्या डबीच्या, शोधाला लागलो. पण आधी हा आवाज वाटेत सांडतो कुठं, ते समजून घ्यायचं होतं.

गिटारच्या घोडीवर हाडाची एक पट्टी असते, तिच्यावर तारा टेकतात. त्या पट्टीखाली पिकअपची बारीक पट्टी सरकवलेली असते. ती दाबली गेली की वीज देते. ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली पॅरिसमध्ये स्फटिकांचा हा गुण दाखवून दिला, आणि आज तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या लायटरचं बटण खट्‌कन दाबलं की जी ठिणगी उडते ती याच गुणाची. लायटरमध्ये स्फटिकावर हातोडी आपटते, गिटारमध्ये तार थरथरते, एवढाच फरक. सकाळी चहा ठेवताना लायटर दाबतो तेव्हा मला आताशा तार छेडल्यासारखंच वाटतं.

पण या थरथरीतून निघणारी वीज फार नाजूक. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. विहिरीचा झरा बारीक असला आणि वर पाच एचपीची मोटर बसवली, तर दहा मिनिटांत फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो. झरा खोटा नसतो, ओढणारा हावरा असतो. मिक्सरच्या लाइनच्या खोबणीचा रोध साधारण दहा किलोओहम, म्हणजे तो भरपूर ओढणारा. माझ्या पिकअपची धारिता धरली एक नॅनोफॅरड. हिशेब मांडला तेव्हा अंगावर काटा आला: अशा जोडणीत सोळा हजार हर्ट्‌झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. गिटारची सगळ्यात जाड तार सुटी वाजते ८२ हर्ट्‌झवर. म्हणजे जवळजवळ सगळी गिटारच उतरणीवर, आणि तळ तर पार खोल गेलेला. बॉक्सपर्यंत पोचत होती ती नखांची टकटक.

रोध एक मेगाओहम केला की ही उतरण १६० हर्ट्‌झपाशी सुरू होते. दहा मेगाओहम केला की १६ वर, माणसाच्या कानाच्याही खाली. चांगला प्रीॲम्प म्हणजे हा दहा मेगाओहमचा समजूतदार पाहुणा. तारेकडून जवळजवळ काहीच मागत नाही, आणि पुढं मात्र स्वतःच्या बळावर मिक्सरपर्यंत सगळं वाहून नेतो. मला विचाराल तर बाकीच्या साऱ्या गुणांच्या आधी मी हा एक आकडा पाहतो.

नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानात चार-पाच डब्या वाजवून पाहिल्या. दुकानात सगळ्याच गोड वाजतात. तिथं खंजिरी नसते, शेजारी जनरेटर धडधडत नसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावंच्या गावं जागी केली. महाराज १९६८ साली गेले, पण आमच्या भागात आजही भजन म्हटलं की खंजिरी आलीच. तिच्या चामड्याची थाप आणि झांजांची किणकिण वरचा सगळा पट्टा भरून टाकते. मधला पट्टा हार्मोनियमचा. गिटारला बसायला जागा उरते ती जरा खाली, लाकडाची ऊब असते तिथं. म्हणून मला मधला पट्टा हवा तिथून कमी करता येईल अशी बटणं हवी होती. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर आणि मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर, दोन्हींवर चालणारी डबी हवी होती, कारण नेरला लाइन कधी जाईल याचा नेम नाही. आणि तीन पिनांची वायर लागायला हवी. तिच्यात तोच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो, मिक्सरपाशी एकातून दुसरा वजा होतो, आणि वाटेत हॅलोजन-जनरेटरकडून शिरलेली पन्नास हर्ट्‌झची घरघर त्या वजाबाकीत विरून जाते. एल. आर. बॅग्जच्या पॅरा डीआयमध्ये हे सगळं होतं. तोच घेतला.

पुढच्या भजनाला आवाज आला. खरा, पोटाचा आवाज. मंडळ काळी एकमध्ये गातं, म्हणून मी चौथ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चाप, लावून बसतो. मग सहावी तार बोलते ती काळी एकचा पंचम, १०४ हर्ट्‌झच्या आसपास. आणि गिटारच्या पोकळीतली हवा आपणहून घुमते तीही शंभरच्या जवळपासच. दुसऱ्याच अभंगात मी पंचम धरला, बॉक्सच्या आवाजानं गिटारचं पोट हललं, ते हलणं पुन्हा पिकअपमध्ये शिरलं, आणि मंडपभर अशी घूं उठली की पोरांनी कानावर हात ठेवले.

दादा खालचे सूर सरसकट कापायला निघाला. मी त्याला थांबवलं. ते कापले की पुन्हा टिनावरचे खडे. आधी डबीवरचं फेज उलटं करून पाहिलं, घूं अर्धी ओसरली. मग नॉचचा खुंटा हळूहळू फिरवत नेला, वीणेची खुंटी पिळावी तसा, आणि एका जागी ती घूं दिवा मालवावा तशी गेली. नॉच फार अरुंद पट्टी कापतो. तरी पंचमाच्या इतक्या जवळ कापताना जीव थोडा हलला. पुन्हा तार छेडली. पंचम होता. थोडा बारीक, पण होता. दादा हातातला चहा तसाच धरून ऐकत राहिला.

भजन संपलं, टाळ पिशवीत गेले. काकाजी एकतारी काखेत धरून माझ्याजवळ आले. डबीकडं बराच वेळ पाहत राहिले. इतकी वर्षं ते वाजवतात, पण खंजिरी सुरू झाली की त्यांची तार त्यांच्या शेजाऱ्यालाही ऐकू जात नाही.

"माही एकतारी या डबीवर चालन का, भाऊ?"

"पाहू ना, काकाजी."

पेटीत चिकटवायची एक पिकअप-चकती पडून होती. एकतारीच्या घोडीशेजारी, चामड्यावर, मेणाचा गोळा लावून ती बसवली. मी नॉच काढून टाकला, दादानं फेडर हळूच वर सरकवला. काकाजींनी तर्जनीनं तार छेडली, आणि रिकाम्या मंडपात षड्‌ज उभा राहिला.