मुक्काम पोस्ट

मराठी माणूस आपला कायमचा पत्ता लिहायला बसतो तेव्हा आरंभी 'मु. पो.' ही अक्षरे लिहितो. प्रवेश-अर्जावर तुम्हीही ती लिहिली असतील. 'पोस्ट' हा शब्द इंग्रजी, तर 'मुक्काम' अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. मुळातल्या 'मकाम'चा अर्थ उभे राहण्याची जागा. मराठीत त्याला वाटेत थांबण्याचा अर्थ मिळाला. फौजेचा मुक्काम, वारीचा मुक्काम, लग्नाच्या वऱ्हाडाचा मुक्काम. उद्या सकाळी उठून पुढे जायचे आहे, हे त्या शब्दात गृहीतच असते. आणि ज्या गावात आपण जन्मलो, जिथे आपली सातबारावर नोंद आहे, त्या गावाच्या नावाआधीही आपण हाच शब्द लिहितो. वर्गात ही गंमत सांगितली की विद्यार्थी हसतात. गोसीखुर्दच्या जलाशयाकाठी एक रात्र काढल्यापासून मी ती गंमत म्हणून सांगत नाही.

त्या वर्षी डिसेंबरात आम्ही उभयतांनी नागपूरहून एक कॅराव्हॅन भाड्याने घेतली होती. कॅराव्हॅन म्हणजे आत दोन माणसांचे अंथरूण, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि शौचालय असलेली गाडी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. आमचे चार चाकांवर होते. बेत साधा होता. उमरेड, भिवापूर, पवनी करीत वैनगंगेच्या काठाने भंडाऱ्यापर्यंत जायचे आणि जिथे संध्याकाळ होईल तिथे थांबायचे.

अमेरिकेत अशा प्रवासाची सारी व्यवस्था तयार असते. 1962 मध्ये माँटाना राज्यातील बिलिंग्ज या गावी गाड्या आणि तंबू घेऊन येणाऱ्या प्रवाशांसाठी एक तळ सुरू झाला; त्यातून पुढे देशभर पसरलेली मोठी साखळी उभी राहिली. तिथे प्रत्येक गाडीला आखलेली जागा मिळते. शेजारी विजेचा खांब, नळ आणि मैला सोडण्याचे तोंड असते. रात्रीचे भाडे मोजायचे, सकाळी निघायचे. आपल्या राज्यानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे आणि अशा वाहनतळांची कल्पना त्यात आहे. वैनगंगेकाठच्या आमच्या वाटेवर मात्र असा तळ नव्हता. त्यामुळे रोज दुपार कलली की प्रश्न उभा राही : आज कोणाच्या दारात?

तळ नसला की विचारावे लागते. खळ्यात गाडी उभी करू का, विहिरीचे पाणी घेऊ का, शौचालयाची टाकी कुठे रिकामी करू. हा शेवटचा प्रश्न परक्या माणसाला विचारणे किती अवघड आहे, ते विचारल्याशिवाय कळत नाही. माझे पती बँकेत अधिकारी होते. कर्जदाराची चौकशी करण्याची त्यांना सवय. आता चौकशी त्यांची होऊ लागली. नाव काय, गाव कोणते, कोणाचे पाहुणे, किती दिवस राहणार? प्रश्न रास्तच होते. वेशीबाहेर उतरलेल्या माणसाला गाव हे प्रश्न पूर्वीपासून विचारत आले आहे.

पण ते सर्वांना सारख्या सुरात विचारलेले नाहीत. आमची पांढरी गाडी पाहून लोक कौतुकाने जवळ येत. तेच बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर असते आणि गाडीच्या जागी फाटके पाल असते तर? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि त्यांच्यावर हजेरीची सक्ती आणली. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या 'विमुक्त' झाल्या, पण संशय कायद्याबरोबर रद्द होत नाही. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे 'उपरा' हे एका शब्दाचे शीर्षक याच अनुभवाचे नाव आहे. शब्दांकडेही पाहा. तंबू, राहुटी, पाल ही तिन्ही कापडाचीच घरे. तंबू पर्यटकाचा, राहुटी जुन्या लष्करी छावणीतली आणि पाल भटक्याचे. संस्कृतात तंबूला 'वस्त्रगृह' म्हणत. त्या शब्दात अशी प्रतवारी नाही. मराठीने ती केली, कारण मराठी समाजाने ती केली होती.

पवनीला आम्ही दुपारी पोहोचलो. इथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या शतकांतला मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेखही मिळाले. टेकडीवर उभे राहिल्यावर मला मुक्कामाच्याच दृष्टीने भिक्षूंची आठवण झाली. त्यांनी सतत फिरत राहावे असा दंडक होता; फक्त पावसाळ्यात एका ठिकाणी थांबायचे. तो वर्षावास. आरंभी हे निवारे हंगामापुरते असत. पुढे त्यांचे कायमचे विहार झाले. तीन महिन्यांच्या मुक्कामाचे गाव कसे होते, याचे उत्तर त्या विटांच्या थरांतून मिळते. गावाचा मुक्काम कसा होतो, ते पुढे काही किलोमीटरवर पाहायला मिळणार होते.

'खुर्द' हा फारसी शब्द म्हणजे धाकटे. 'बुद्रुक' म्हणजे थोरले. एका धाकट्या गावाचे नाव विदर्भातल्या फार मोठ्या धरणाला मिळाले आहे. सरकारी नाव इंदिरासागर, लोकांच्या तोंडी गोसीखुर्द किंवा गोसेखुर्द. 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. 1983 च्या मूळ अंदाजात खर्च 372 कोटी रुपये होता. पुढे तो कित्येक पटींनी वाढला. 2008 मध्ये याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. सांडव्याला तेहतीस दरवाजे. धरणाच्या भिंतीवरून पाहिले तर पलीकडचा काठ धुक्यात हरवतो. आता इथे जलपर्यटनही आखले जात आहे. म्हणजे आमच्यासारखे लोक पुढे मोठ्या संख्येने येतील.

त्या संध्याकाळी एका पुनर्वसित गावठाणात एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हाला अंगण दिले. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. ते माझ्या पतींना साहेब आणि मला बाई म्हणत. सून घाईघाईने बाहेर आली, गाडीत डोकावली आणि "ताई, यात पोळ्या कशा लाटता?" असे तिने विचारले. जेवायला तिने घरातच बसवले. गरम भात, पोपटाच्या दाण्यांची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. प्रमाण मराठीत 'लाखोळी', पण झाडीबोलीत ळ नाही, त्याचा र होतो. ण नाही, त्याचा न होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास आयुष्यभर केला. मी त्यांची मांडणी वाचलेली होती, पण ताटातला वडा खाताना ऐकलेला 'लाखोरी' हा शब्द निराळाच लागतो.

गावठाण सरळ रेषेत आखलेले होते. रस्ते काटकोनात, भूखंडांना क्रमांक. प्रवाशांच्या तळाचा नकाशाही असाच असतो : आखलेली जागा, क्रमांक, विजेचा खांब, नळ. जुन्या गावात गुरे सकाळी जमायची तो आखर होता, बोडी होती, आणि कोणाचे घर कुठे हे आंब्याच्या किंवा चिंचेच्या खुणेने सांगत. इथे ते क्रमांकाने सांगतात.

"किती दिवसांचा मुक्काम जी?" काकांनी शेकोटीजवळ विचारले.

"एकच रात्र," माझे पती म्हणाले.

काका हसले. "आमचा पन मुक्कामच हाये."

मग ते बोलत राहिले. त्यात गाऱ्हाण्याचा सूर फारसा नव्हता. गाव बुडणार हे कळले तेव्हा ते तिशीतले होते. पाणी प्रत्यक्ष दारात यायला वीसेक वर्षे लागली. या वीस वर्षांत त्यांनी घराचे काय केले? काही केले नाही. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. उजेड यावा म्हणून एक बसवायची होती. पत्नी दरवर्षी आठवण करी. "बुडनारच हाये तं खिडकी कायले लावाची?" असे त्यांचे उत्तर ठरलेले. कौले फुटली तर तेवढीच बदलली. आंब्याची नवी कलमे लावली नाहीत. थोरल्या मुलाचे लग्न त्या अंधाऱ्या खोलीतच झाले आणि नातूही तिथेच जन्मला. घर स्वतःचे, जमीन वाडवडिलांची, आणि तरी त्यात ते मुक्कामाला आल्यासारखे राहत होते. उद्या सकाळी निघायचे, असे वीस वर्षे.

नव्या घराला त्यांनी मोठी खिडकी ठेवली आहे. पत्नी मात्र ती पाहायला राहिली नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या घरांची जोती उघडी पडतात, असे त्यांनी सांगितले. जवळच्या गावातले काही जण जाऊन पाहून येतात. "मी नाई जात," ते म्हणाले, आणि लाकूड पुढे सारले.

या धरणाचे पाणी ज्यांच्या शेतात पोहोचले, त्यांच्या धानाला ते जीवदान ठरले आहे, हेही लिहिले पाहिजे. काकाही ते नाकारत नव्हते. त्यांचे व्याही कालव्याच्या लाभक्षेत्रातले. तिथली दुबार पिके पाहून आल्याचे त्यांनी स्वतः सांगितले, आणि सांगताना त्यांच्या बोलण्यात शेतकऱ्याचे कौतुक होते. लाभ खरा आहे. तो ज्या गावांना मिळाला त्यांनी आपली गावे सोडलेली नाहीत, एवढाच फरक.

रात्री गाडीत पडल्यावर झोप येईना. मी मनाशी धातू चाळू लागले. ही माझी जुनी सवय. संस्कृतात 'वस्' म्हणजे राहणे. वस्त्रातला 'वस्' वेगळा, तो पांघरण्याचा. राहण्याच्या 'वस्'पासून वास, निवास, वस्ती, रहिवासी. 'प्रवास'ही त्यातलाच. आज आपण प्रवास म्हणजे जाणे समजतो, पण मूळ अर्थ घरापासून दूर राहणे असा आहे. रस्त्यापेक्षा रात्र त्यात महत्त्वाची. वर्षावास त्यातलाच. आणि त्याच धातूला 'निर्' लावला की निर्वासित. 'पुनर्' लावला की पुनर्वसन. बाहेर अंगणात एका बाजूला आम्ही प्रवासी, दुसऱ्या बाजूला पुनर्वसित, आणि मध्ये एका धातूचे अंतर. उपसर्ग कोण लावतो, हा व्याकरणाचा प्रश्न नाही. आमच्या वासाला 'प्र' आम्ही स्वतः लावला होता, भाडे मोजून, सुटीचा अर्ज देऊन. सकाळी किती वाजता निघायचे ते आम्हीच ठरवणार होतो. प्रवाशांच्या तळावरची सारी मौज या अधिकारात असते. नळ आणि विजेचा खांब तर त्या गावठाणातही होते.

पहाटे कडाक्याची थंडी होती. सुनेने आमच्या टाकीत पाणी भरायला मदत केली आणि निघण्याआधी आपला एक अर्ज तपासायला आणला. ती मुक्त विद्यापीठातून पदवी करते आहे. पत्त्याच्या रकान्यात तिने 'मु. पो.' लिहून पुढे बुडालेल्या गावाचे नाव लिहिले होते आणि कंसात 'पुनर्वसन'. असेच लिहायचे ना, तिने विचारले. पत्रे येतात ना या पत्त्यावर, मी विचारले. ती म्हणाली, येतात, पोस्टमन ओळखतो. मी त्यात काही दुरुस्ती केली नाही.

आम्ही अंभोऱ्याच्या दिशेने निघालो. तिथे वैनगंगेला इतर नद्या मिळतात आणि मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये 'विवेकसिंधु' तिथेच लिहिला, असे या भागात परंपरेने मानतात. मराठवाड्यातले लोक तो मान अंबाजोगाईला देतात. आद्य मराठी ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या या ग्रंथाचा पत्ताही वादात आहे, याची मला त्या सकाळी थोडी मौज वाटली.

वाटेत कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत मेंढपाळांचा एक डेरा उतरला होता. कच्छ-काठियावाडकडचे रबारी. त्यांच्यातली कितीतरी कुटुंबे पिढ्यानपिढ्या विदर्भात फिरत आहेत. उंटावर खाटा उलट्या बांधलेल्या, त्यात भांडी, गोधड्या आणि कोकरे. शेतकरी त्यांना आपण होऊन बोलावतात, कारण मेंढ्या रात्रभर बसल्या की लेंड्यांचे खत मिळते. त्याबद्दल धान्य किंवा पैसेही देतात. मुक्कामाचे भाडे यजमानाने पाहुण्याला द्यायचे, असा हा एकच तळ माझ्या पाहण्यात आहे. माझ्या पतींनी गाडी हळू केली. डेऱ्यातली एक म्हातारी आमच्या गाडीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने हाताने खूण करून विचारले : आत चूल आहे का? मी मान डोलावली. तिने शेजारणीला काहीतरी सांगितले, दोघी हसल्या, आणि पुन्हा खाटेचे दोर आवळू लागल्या.