इंदूरची माणिकबाग आणि युद्धानंतरचे तह

मुंबईकडून येणारा प्रवासी इंदूरच्या स्थानकावर उतरतो, तेव्हा परक्या मुलखात आल्याचे त्यास फारसे जाणवत नाही. होळकरांच्या या नगरीत आजही मराठी कानी पडते. वाचकहो, कधी इकडे आलात तर सात मजली राजवाडा पाहा, जिरावण भुरभुरलेले पोहे खा. पण माणिकबाग पाहिल्यावाचून परतू नका. महायुद्धाची कथा या शहराच्या अंगणातून गेली आहे.

इंदूरचे भाग्यच मुळी एका तहाने पालटले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने खानदेशासह सातपुड्याच्या दक्षिणेकडील त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि त्याच वर्षी इंदूर राजधानी झाले. विजेत्याने लिहावे आणि पराजिताने मुकाट्याने सही करावी, असा तो तह. अशा तहाने रण शांत होते. मन शांत होतेच असे नाही.

शंभर वर्षांनी युरोपात तेच घडले. पहिले महायुद्ध चालू असता, १ ऑगस्ट १९१७ रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना लवादाने तंटे मिटविण्याची विनंती केली होती. ती कोणी मानली नाही. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला. त्यावर हिंदुस्थानच्या वतीने बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांचीही सही आहे. त्याच्या २३१ व्या कलमाने युद्धातील हानीची जबाबदारी जर्मनी व तिच्या साथीदारांवर टाकली. या एका तहामुळेच दुसरे युद्ध पेटले असे म्हणणे अपुरे ठरेल. १९२९ पासूनची मंदी, बेकारी, राष्ट्रसंघाचे दौर्बल्य आणि हिटलरचा वंशद्वेष व राज्यलोभ हीही कारणे होतीच. परंतु अपमानाची जखम उघडी होती आणि हिटलरने ती चिघळवली.

याच काळात यशवंतराव होळकर महाराजांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पीकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. १९३३ साली तो पूर्ण झाला. त्याच वर्षी ३० जानेवारीस हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला होता. एका हाताने घर उभारले जात होते, दुसऱ्या हाताने जग मोडावयाची तयारी चालली होती.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याची झळ मिशनलाही लागली. १९३२ पासून इंदूर भागात एस. व्ही. डी. संघाचे धर्मगुरू कार्य करीत होते. निमाडातील बलाही लोकांत राहिलेले ऑस्ट्रियन फादर स्टीफन फुक्स यांना जर्मन मिशनऱ्यांसमवेत स्थानबद्ध करण्यात आले. ज्यांच्या हाती जपमाळ होती, तेही शत्रू ठरले!

१९४२ साली यशवंतरावांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांस जाहीर पत्र लिहिले. हिंदुस्थानचा प्रश्न अमेरिका, चीन व रशिया यांच्या मध्यस्थीने सोडवावा, अशी त्यांची मागणी होती. तीही व्यर्थ गेली. परंतु युद्धाने जिंकणाऱ्या ब्रिटनलाही खिळखिळे केले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, २८ मे १९४८ रोजी इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात मिळाला. ज्या माणिकबागेत महाराज राहत, तेथे आज केंद्र सरकारच्या करखात्याचे कार्यालय आहे.

गावातील बांधाचा तंटा आणि राष्ट्रांचे युद्ध यांत अंतर मोठे, पण धर्म एकच. निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून शेजाऱ्यास नाक घासावयास लावणारा मनुष्य आपल्या नातवांसाठी भांडण राखून ठेवतो. हरलेल्याच्या अंगणातही दिवा लागेल अशी तडजोड ज्याला साधते, त्याचीच शांती टिकते.