मामांचा आवाज आणि आठ डेसिबल

‘साइडचेन कॉम्प्रेशन’ हे नाव वाचून मेकॅनिकलवाल्यांच्या डोळ्यांसमोर सायकलची चेन आणि एअर कॉम्प्रेसर आला असेल, तर त्यांचा दोष नाही. प्रकरण आवाजाचं आहे, आणि आमच्यापुरतं तरी ते मेसच्या मामांचं आहे.

मामा यंदा निवृत्त होणार, म्हणून आमच्या विंगने गॅदरिंगसाठी त्यांच्यावर दहा मिनिटांची फिल्म केली. मुलाखत मोबाईलवर घेतली, तीही मेसमध्येच, दुपारची जेवणं उरकता उरकता. मामा बोलतात एकदम हळू. ‘अजून घे रे’ एवढंच काय ते मोठ्यानं! त्यावर माझ्या रूमपार्टनरनं कीबोर्डवर केलेलं म्युझिक टाकलं आणि मामा गायब. त्यांचा आवाज वाढवावा, तर पंख्याची घरघर आणि ताटांचा खडखडाटही तेवढाच वाढतो. म्युझिक सरसकट कमी करावं, तर रूमपार्टनर बोलेनासा होतो.

यावर उपाय साइडचेनचा. साधा कॉम्प्रेसर स्वतःच्याच ट्रॅकवर लक्ष ठेवतो. आवाज ठरावीक पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर गेला की तो दाबतो. साइडचेनमध्ये तो पहारा देतो एकावर आणि दाबतो दुसऱ्याला. आमचा कॉम्प्रेसर म्युझिकच्या ट्रॅकवर, पण त्याचे कान मामांकडे. थ्रेशोल्ड उणे ३० डेसिबल, मामा उणे १८ वर, म्हणजे १२ डेसिबल वर. रेशो ३:१ ठेवला की त्या १२ चे उरतात ४, आणि फरकाचे ८ डेसिबल म्युझिकमधून जातात. मामा थांबले की म्युझिक परत वर. रेडिओवर निवेदक बोलायला लागला की गाणं अदबीनं मागे सरकतं, तेच हे. २००४ च्या एरिक प्रिड्झच्या ‘कॉल ऑन मी’मध्ये प्रत्येक ठोक्याला बाकीचं गाणं श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होतं, तेही हेच, फक्त मुद्दाम ऐकू येईल इतकं.

आम्ही रिपर वापरलं. मामांच्या ट्रॅकवरून म्युझिकच्या ट्रॅकच्या ३-४ नंबरच्या चॅनेलवर सेंड टाकायचा आणि रीकॉम्पचा डिटेक्टर ‘ऑक्झिलरी’वर न्यायचा, बस. आत बसलाय तो आपला जुना मित्र, एन्व्हलप डिटेक्टर! लॅबमध्ये डायोड, कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडून जो करतो तोच, फक्त इथे सॉफ्टवेअरमधला. अटॅक आणि रिलीज हे त्याचे टाइम कॉन्स्टंट. जर्नलमध्ये कॉपी केलेला ग्राफ कानानं ऐकायची ही माझी पहिलीच वेळ.

पुढची मजा म्हणजे कुणी ताट आपटलं की म्युझिक घाबरून खाली! डिटेक्टरला मामा काय नि ताट काय, सारखंच. त्याच्या वाटेवर लो-पास फिल्टर लावला, तेव्हा ताटांचा वरच्या पट्टीतला खणखणाट त्याला कमी ऐकू येऊ लागला. रिलीज १०० मिलिसेकंद ठेवला, तर दोन शब्दांच्या मधल्या फटीतही म्युझिक डोकं वर काढायचं. तो ८०० केला. रूमपार्टनर तोवर बोलू लागला होता, हेही नोंदवून ठेवतो.

अडलं ते सातव्या मिनिटाला. ‘मामा, घरी कोण कोण असतं?’ या प्रश्नावर मामा चार सेकंद गप्प बसतात. मग म्हणतात, “तुम्हाला रोज वाढलं. घरच्या पोरांना वाढायचं मात्र कधी जमलं नाही.” त्या चार सेकंदांत आमचा कॉम्प्रेसर इमानदारीत म्युझिक वर आणायचा, अगदी भरून. त्याच्या हिशोबानं तिथे काहीच नव्हतं. रिलीज वाढवून पाहिला, तर बाकीची फिल्म मरगळली. शेवटी तेवढ्या तुकड्यापुरता कॉम्प्रेसर बंद केला आणि व्हॉल्यूमची रेघ माऊसनं हातानं ओढली, जवळजवळ शून्यापर्यंत. रूमपार्टनर शेजारीच होता. म्हणाला, “अजून खाली घे.”

गॅदरिंगला मामा हॉलच्या दारात उभे होते. खुर्ची दिली, पण बसले नाहीत, कारण रात्रीची भाजी शिजायची होती. सातव्या मिनिटाला शिट्ट्या मारणारी पोरंसुद्धा थांबली, आणि हॉलमध्ये चार सेकंद फक्त मेसचा पंखा ऐकू आला.

प्रोजेक्टची फाईल कुणाला हवी असेल, तर रूमवर या. पेनड्राइव्ह आणा.