उतारूंची वही

प्रवासांत मला गाडी चुकण्याची भीति फारशी वाटत नाहीं. भीति वाटते ती उतरण्याच्या जागेची. मोठ्या हॉटेलांत गेलों कीं तेथील नोकरांचे पोशाख माझ्या पोशाखाहून चांगले असतात, आणि नातलगांच्या घरीं उतरलों तर सकाळीं स्नानाला आधीं कोणीं जावयाचें या प्रश्नावरून दोन्ही पक्ष सौजन्यानें दमून जातात. या दोहोंच्या मधली एक सोय इंग्लंडांत फार दिवसांपासून आहे. कोणाच्या तरी राहत्या घरांतली एखादी खोली रात्रीपुरती आपली, आणि सकाळीं त्याच घरच्या चुलीवरची भरपूर न्याहारी. मग दिवसभर आपण कोठें हिंडतों, काय खातों, याची चौकशी कोणी करीत नाहीं. या सोयीला तिकडे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात. इंग्रजी कादंबऱ्या शिकवण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं. पण अशा घरांत राहण्याचा योग २०२५ च्या जून महिन्यापर्यंत आला नव्हता.

तो आला लाइम रीजिस येथें. डॉर्सेट परगण्यांतलें समुद्रकांठचें हें लहानसें गांव मला तोंडपाठ होतें असें म्हटलें तरी चालेल. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्युएशन’मधला सर्वांत गाजलेला प्रसंग येथेंच घडतो. ऑस्टिनचा जन्म १७७५ चा. म्हणजे तें तिच्या जन्माचें अडीचशेंवें वर्ष होतें. ब्रिस्टलला भाचीकडे गेलों होतों, तेथून दोन दिवस काढून एकटाच निघालों. गांवापर्यंत जाणारा रेल्वेचा फांटा १९६५ सालीं बंद झाला. तेव्हां ॲक्समिन्स्टरला उतरून बस धरावी लागते. गांवाचा मुख्य रस्ता इतका उतरता आहे कीं वरून पाहतांना त्याच्या टोकाला समुद्र उभा करून ठेवल्यासारखा दिसतो.

घर अठराव्या शतकाच्या अखेरचें होतें. जमीन एका अंगाला इतकी कललेली कीं टेबलावरून पडलेली पेन्सिल मला पलंगाखालीं शोधावी लागली. एक खिडकी विटांनीं बुजवलेली होती. इंग्लंडांत १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांच्या संख्येवर कर होता. तो चुकविण्यासाठीं कोणा पूर्वीच्या मालकानें ती बुजवली, असें घराच्या मालकीणबाईंनीं सांगितलें. आतां ती उघडावी म्हटलें तर घर सरकारी यादींतलें, परवानगीवांचून तावदानाची चौकटहि बदलतां येत नाहीं. “घर माझें, पण खिडक्या इतिहासाच्या,” असें म्हणून त्या हंसल्या. बाई सत्तरीच्या पुढच्या, अंगानें कृश, आणि हातांचीं बोटें कामानें जाड झालेलीं. त्या बोटांकडे मी उगीचच फार वेळ पाहत होतों.

सगळींच घरें इतकीं नेटकीं नसत. खुद्द ऑस्टिन मंडळी १८०४ सालीं लाइमला भाड्याच्या घरांत उतरलीं होतीं, आणि त्या घराच्या अस्वच्छतेबद्दल जेननें आपल्या बहिणीला लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. पुढें रेल्वे आली, १८७१ च्या कायद्यानें बँकांना ठराविक सुट्या मिळूं लागल्या, आणि गिरणीगांवांतलीं माणसें आठवडा-आठवडा समुद्रकांठीं येऊं लागलीं. अनेक ठिकाणीं रीत अशी असे कीं उतारूनें आपलें मांस-भाजी स्वतः बाजारांतून आणावें आणि घरवालीनें तें शिजवून द्यावें. मग बिलांत मीठ-मिरीच्या कुप्या वापरल्याचा निराळा आकार लावला जाई! या कुप्यांच्या आकारावरून आणि सकाळीं न्याहारी आटोपतांच उतारूंना घराबाहेर काढण्याच्या तिच्या शिस्तीवरून इंग्रज लोकांनीं त्या बिचारीवर विनोदांचा पाऊस पाडला आहे. मीहि वर्गांत त्यांतले दोन-तीन सांगून टाळ्या मिळविल्या आहेत. आतां ते आठवले तेव्हां हंसूं आलें नाहीं.

दुपारीं कॉबवर गेलों. कॉब म्हणजे समुद्रांत वांकडा हात पसरावा तसा पसरलेला जुना दगडी धक्का. त्याच्या वरच्या वाटेवरून खालच्या वाटेवर उतरण्यासाठीं भिंतींतून पुढें आलेले नुसते दगड आहेत. त्यांना ‘आजीबाईचे दांत’ म्हणतात. लुइझा मस्ग्रोव्ह उडी मारतांना पडली ती येथेंच असें सांगतात. टेनिसन कवि लाइमला आला तेव्हां त्यालाहि ती जागा पाहण्याचीच घाई होती. मींहि ती पाहिली. पण माझें मन रेंगाळलें तें तेथून जवळच कोठें तरी असलेल्या, म्हणजे कादंबरींत असलेल्या, कॅप्टन हार्व्हिलच्या घराजवळ. हा जखमी, बेताच्या मिळकतीचा आरमारी अधिकारी कॉबच्या पायथ्याशीं एका चिमुकल्या भाड्याच्या घरांत राहतो. पाहुण्यांची सोय सरायींत झालेली असतांहि त्यांनीं आपल्याकडेच जेवावें म्हणून आग्रह करतो. आणि बेशुद्ध लुइझाला उचलून नेतात तें त्याच्याच घरांत. लुइझा कां पडली, वेंटवर्थ कसा पस्तावला, हें मीं तीस वर्षें रंगवून सांगितलें आहे. हार्व्हिलच्या बायकोला त्यानंतरचे कित्येक आठवडे किती काम पडलें असेल, हें ना कोणा विद्यार्थ्यानें मला विचारलें, ना मला सुचलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्याहारीच्या खोलींत चार टेबलें मांडलेलीं होतीं. भाजलेला टोमॅटो, अळंबीं, अंडीं, मार्मलेड, आणि टोस्ट लवकर गार व्हावेत म्हणूनच जणूं शोधून काढलेली ती चांदीची उभी जाळी. मी मांस खात नाहीं हें आदल्या दिवशीं एकदांच सांगितलें होतें; माझी बशी वेगळ्या तव्यावरून आलेली होती. ती घेऊन आला एक चाळिशींतला गृहस्थ. कमरेला फडकें, बाह्या दुमडलेल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीं त्याला विचारलें, “आपण येथेंच कामाला असतां का?” तो म्हणाला, “मी लंडनला एका रुग्णालयांत डॉक्टर आहें. उन्हाळ्यांत शनिवार-रविवारीं येऊन आईचीं ताटें उचलतों. आणखी चहा आणूं?” इतक्या सहज म्हणाला कीं ती बाई पुन्हां आपल्या अंड्याकडे वळली. माझ्या घशांत मात्र घांस अडकला.

माझें गांव गुहागर. घराच्या मागें नारळी-पोफळींची वाडी, वाडी संपली कीं वाळू आणि समुद्र. वडील गेल्यावर आईनें घराच्या तीन खोल्या व्याडेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या कुळांसाठीं काढून ठेवल्या. देवळांतून उपाध्ये माणसें पाठवीत. आई त्यांना जेवूं घाली, सकाळीं घावन किंवा गुरगुट्या भात आणि मेतकूट देई. त्या पैशांवर मी पुण्याला शिकलों. कॉलेजांत मात्र मी सांगत असें कीं आमचें घर मोठें आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता असतो. यांतला एकहि शब्द खोटा नव्हता. लबाडाला याहून अधिक सोयीची भाषा कोठून मिळणार?

एका दिवाळीच्या सुटींत माझ्या एका वर्गमित्राचीं माणसें, तो स्वतः, आईवडील आणि दोन बहिणी, उपाध्यांनीं आमच्याकडे पाठविलीं. मीं त्यांना ओटीवरून येतांना पाहिलें. हातांत पाण्याचा तांब्या होता. तो तसाच ठेवून मागच्या दारानें वाडींत गेलों, तेथून सुरूच्या बनांत, आणि संध्याकाळच्या एस्. टी. नें चिपळूणला मावशीकडे. तीन दिवसांनीं परत आलों तेव्हां आई म्हणाली, “तुझा मित्र येऊन गेला. तूं मावशीकडे गेला आहेस असें सांगितलें.” मी आधीं गेलों होतों कीं नंतर, हें तिनें विचारलें नाहीं. मित्रानेंहि पुढें कधीं वाकडा शब्द काढला नाहीं. उलट तुझी आई किती अगत्याची, म्हणून चार जणांत सांगितलें.

आई जाऊन आतां अकरा वर्षें झालीं. तिच्या ट्रंकेत उतारूंच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या: तारीख, आडनांव, पानें किती, पैसे किती. त्या दिवाळीचें पान मीं मुद्दाम काढून पाहिलें. आडनांव होतें. पानें होतीं, पांच माणसें, दोन दिवस. पैशांच्या रकान्यांत आडवी रेघ, आणि तिच्यापुढें बारीक अक्षरांत ‘आपलीच माणसें’ एवढेंच. मला हिशेब येतो. त्या सुटीनंतर मला पुण्याला जातांना नेहमींपेक्षां कमी पैसे मिळाले होते, आणि त्यावरून मी धुसफुसलों होतों, हेंहि मला आठवतें.

लाइमच्या त्या घरांत स्वयंपाकघराच्या दारावर ‘खासगी’ अशी पाटी होती. मी बशी-पेला उचलून त्या दारापर्यंत गेलों आणि पाटी वाचून थबकलों. मालकीणबाईंनीं आंतून पाहिलें; त्या घाईनें पुढें आल्या आणि बशी माझ्या हातांतून जवळजवळ हिसकावूनच घेतली. उतारूनें बशी उचललेली त्यांना आवडली नसावी. आमच्या आईलाहि आवडत नसे.

निघतांना त्यांनीं पाहुण्यांची वही पुढें केली. नांव, पत्ता, अभिप्राय. वरच्या ओळींत कोणी समुद्राचें, कोणी अंथरुणाचें वर्णन केलें होतें. अभिप्रायांत मीं न्याहारी उत्तम होती असें लिहिलें. पत्त्याच्या रकान्यांत पुण्याचा लिहावयाचा तो हातून गुहागरचा लिहिला गेला. बाईंनीं चष्मा लावून वाचला.

“हें गांवहि समुद्रावर आहे का?”

“हो,” मी म्हणालों. “आमच्याहि घरीं माणसें उतरत असत. माझी आई ठेवीत असे.” हें वाक्य मीं आजवर कोणापाशीं उच्चारलें नव्हतें, परक्या भाषेंत तें फारच सोपें निघालें.

मला वाटलें, त्या कांहीं तरी गोड बोलतील. पण त्यांनीं वही मिटली, खुर्चींत टेकल्या आणि एका धंद्यातल्या माणसानें दुसऱ्याला विचारावें तसें विचारलें, “खोल्या किती?”

“तीन.”

“मदतीला कोणी?”

“नाहीं.”

“मग चादरी कोण धूत असे?”

“आईच. विहिरीवर.”

“पावसांतहि?”

गुहागरचा पाऊस कसा असतो तें मी त्यांना सांगूं लागलों, आणि माझी बस गेली.