नगारखाना, खालूबाजा आणि चवदार तळे

रायगडावर राजसदरेच्या दारातला नगारखाना पाहताना मला वाटते, चर्मवाद्यांचा इतिहास हा अधिकाराचाही इतिहास आहे. तेथे नगारा झडे, तेव्हा राजसत्ता बोलत असे; म्हणूनच त्याला एवढी उंच जागा.

गडाखालच्या महाड-पोलादपूरच्या गावांत देवाचा अधिकार ढोल-सनईचा खालूबाजा पुकारतो. शिमग्याची पालखी असो वा महाडच्या वीरेश्वराचा छबिना, ढोलावाचून तो सोहळा उभाच राहत नाही.

पण महाराष्ट्राच्या गावगाड्यात वाजवण्याचे काम अनेक ठिकाणी महार-मांगांवर लादलेले होते. नाद देवापर्यंत पोहोचे. वाजवणारा उंबरठ्याबाहेर राही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांवर हल्ला झाला, तो ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ या अफवेवरून. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि हीन ठरवणाऱ्या चाली सोडण्यास सांगितले. पुढे अनेकांनी महारकीबरोबर वाद्येही सोडली.

म्हणून ‘जुनी वाद्ये लोपली’ असे कोणी हळहळले, की मला विचारावेसे वाटते: ती लोपली, की कोणी स्वाभिमानाने खाली ठेवली?