तेलाचा ताप

मोटार चालविणाऱ्या मनुष्याची आपल्या वाहनाशी असलेली ओळख बहुधा डोळ्यांसमोरच्या दोन-चार तबकड्यांपुरतीच असते. वेग किती, पेट्रोल किती, इंजिनाचे पाणी किती तापले, एवढे कळले की त्याचे समाधान होते. आणि ज्याचा प्रवास घर व कचेरी यांपुरताच असतो, त्याचे एवढ्यावर समाधान व्हावे यात गैरही काही नाही. परंतु इंजिनात उत्पन्न झालेली शक्ती चाकांपर्यंत पोचविणारी दंतचक्रे ज्या तेलात बुडून फिरत असतात, त्या तेलाची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल यांची स्थिती मोठ्या घरातील थोरल्या सुनेसारखी आहे. सगळा भार त्यांनी वाहावयाचा, आणि त्यांची तक्रार ऐकू येऊ लागते तेव्हा उपायाची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

नोकरीनिमित्त जपानात राहणे झाल्यामुळे आमच्या पदरी सुबारू कंपनीची एक जुनी इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय गाडी आली. जपानी कारखानदारांनी आपसात ठरवून घेतलेली २८० अश्वशक्तीची मर्यादा २००४ सालापर्यंत पाळली जात होती, त्या काळची ही गाडी. हिची शक्ती चारी चाकांस जाते. गिअरबॉक्स, मधला डिफरन्शिअल आणि पुढचा डिफरन्शिअल हे तिघे एकाच पेटीत, सुमारे चार लिटर तेलात नांदतात. मागच्या डिफरन्शिअलाच्या वाट्यास मात्र अवघे एक लिटर येते. आता हिशेब पाहा. २८० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २०६ किलोवॅट. दंतचक्रांच्या घर्षणात त्यांपैकी शेकडा दोनच खर्ची पडतात असे धरले, तरी गाडी पूर्ण जोरात असताना चार किलोवॅट उष्णता, म्हणजे खोली उबदार करणाऱ्या विजेच्या दोन मोठ्या शेगड्यांइतकी आच, या पाच लिटर तेलास सोसावी लागते. शिवाय टर्बोपासून निघालेली धुराची तप्त नळी गिअरबॉक्सला लगटूनच खाली उतरते, ती निराळीच.

तेल तापले तर बिघडते काय? पहिली गोष्ट अशी की ते पातळ होते. या कामी वापरतात ते ७५डब्ल्यू-९० जातीचे तेल ४० अंश सेल्सिअसवर सुमारे १०० सेंटिस्टोक इतके दाट असते. १०० अंशांवर तेच जेमतेम १५ उरते, आणि पुढेही उतरतच जाते. दुसरी गोष्ट, ते लवकर म्हातारे होते. एका मर्यादेनंतर उष्णता दर दहा अंशांनी वाढली की तेल कुजण्याचा वेग दुप्पट होतो, असा कारागिरांचा ढोबळ नियम आहे. या नियमाने तीस अंश अधिक तापलेल्या तेलाचे आयुष्य एक-अष्टमांश राहते. आणि हे सर्व अगदी निमूटपणे घडते. चालकाच्या हातास, पायास किंवा कानास त्याची वार्ता लागत नाही.

आगगाडीवाल्यांस या निमूटपणाचा अनुभव फार जुना आहे. आपल्याकडे गाडी स्थानकात शिरली की डब्यांच्या आसांच्या पेट्या तापल्या आहेत की काय हे तपासणारी माणसे असतात. पूर्वी ती हात लावून पाहत, आता दुरूनच उष्णता मोजणारे यंत्र रोखतात. या आसांच्या घर्षणाचा अभ्यास इंग्लंडात बोशां टॉवर नामक इंजिनिअराने १८८३ च्या सुमारास केला. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून एक भोक पाडले, तो यंत्र फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून बाहेर येऊ लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकून ते बंद केले. तेलाने ती खुंटीही बाहेर ढकलून दिली. मग त्याने तेथे दाब मोजण्याचे यंत्र जोडले, आणि बेअरिंगवर सरासरीने जितका भार होता त्याहून आतल्या तेलाचा दाब कितीतरी अधिक असल्याचे आढळून आले. फिरणारा आस लोखंडावर टेकलेला नसून तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत असतो, ही गोष्ट अशी उघडकीस आली. तिची गणिती उपपत्ती ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली दिली. आमच्या गाडीतील दंतचक्रांचे जिणेही अशाच एका पडद्याच्या आधारावर आहे. तो पडदा किती जाड हे मोजणे आमच्या आवाक्यातले नव्हते. तेलाचा ताप मोजणे आवाक्यातले होते. म्हणून दोन उष्णतामापक आणून आम्ही ते भाड्याच्या एका कार्यशाळेत स्वहस्ते बसविले.

या कामात पहिला नियम असा की मागच्या डिफरन्शिअलाचे तेल काढण्यापूर्वी तेल भरण्याचा वरचा बूच सैल होतो की नाही, हे आधी पाहावे. खालून सगळे तेल सोडून दिले आणि वरचा बूच गंजून हटून बसला, तर गाडी जागची हलविता येत नाही. व्यवहारातही पुष्कळांनी लक्षात ठेवावा असा हा नियम आहे. खालच्या बुचाच्या जागी आम्ही मध्ये आटे पाडलेला नवा बूच बसविला व त्यात उष्णतेची संवेदक कांडी घट्ट केली. कांडीचे टोक आतल्या दंतचक्रास लागणार नाही इतकेच लांब हवे, आणि तिचे डोके रस्त्यावरील दगडांच्या तडाख्यात सापडेल इतके खाली लोंबता कामा नये. वरच्या बुचात कांडी बसविण्याचा मोह होतो, कारण तेथे हात सहज पोचतो. पण वळणावर तेल एका बाजूस गेले की ती कांडी तेलाऐवजी हवेचा ताप सांगू लागते.

ही कांडी म्हणजे वस्तुतः विजेस होणारा एक अडथळा. उष्णता वाढते तसा तो अडथळा कमी होतो आणि त्यावरून काटा चालतो. ज्या कांडीस एकच तार असते, तिचा उलट मार्ग गाडीच्या धातूतूनच जातो. अशा कांडीच्या आट्यांवर तेल गळू नये म्हणून नळास गुंडाळतात ती पांढरी फीत कोणी चढविली, तर तो मार्ग अडतो आणि काटा खोटे बोलू लागतो. आम्ही दोन तारांच्या कांड्या घेतल्या, आणि बसविण्यापूर्वी दोन्ही उकळत्या पाण्यात बुडवून पाहिल्या. दोहोंच्या सांगण्यात दोन अंशांचा फरक पडला. सख्ख्या भावांतही एवढा मतभेद असतोच, म्हणून तो आम्ही मान्य केला. तारा धुराच्या नळीपासून व फिरत्या दांड्यापासून दूर बांधून रबरी बुचातून आत घेतल्या, स्वतंत्र फ्यूज दिला, आणि संध्याकाळी दोन्ही तबकड्या उजळल्या.

ऑगस्टात इबाराकी प्रांतातील त्सुकुबा सर्किटवर आम्ही गाडी नेली. हे सर्किट १९७० साली सुरू झाले. त्याची एक फेरी २,०४५ मीटरची. त्या दिवशी हवा ३४ अंशांवर होती. इंजिनाचे पाणी पाच मिनिटांत तयार झाले, तेव्हा गिअरबॉक्सचे तेल ४५ अंशांवरच होते. म्हणजे ज्या क्षणी सारे चालक निःशंक होऊन जोर लावतात, त्या क्षणी दंतचक्रे अजून झोपेतून उठलेलीच नसतात. आठव्या फेरीस पुढचा काटा ११७ आणि मागचा १२८ दाखवू लागला. पाण्याचा काटा या सर्व वेळात मध्यावरून रेसभरही हलला नाही. गाडी उभी करताच मागचा ताप उतरण्याऐवजी दोन अंशांनी वाढला, कारण खालून वाहणारा वारा थांबला. निववावयाचे तर थांबून नव्हे, हळूहळू चालवून निववावे, हे आम्ही त्या काट्यापासून शिकलो.

आमचे एक तरुण मराठी स्नेही तशीच गाडी घेऊन आले होते. त्यांच्या गाडीत हे मापक नव्हते. “अहो, जे दिसत नाही त्याची काळजी विकत कशाला घ्यायची?” असे त्यांचे म्हणणे. दुपारच्या फेऱ्यांत ते आमच्या पुढे दोन सेकंदांवर होते आणि अंतर कमी होत चालले होते. चार फेऱ्या उरल्या असताना मागच्या काट्याने आम्ही स्वतःस घालून घेतलेली १३० अंशांची मर्यादा ओलांडली. आम्ही हात वर करून बाजूस झालो. ते पुढे गेले, चारही फेऱ्या त्यांनी पुऱ्या केल्या, आणि त्यांच्या गाडीस काहीही झाले नाही.

ही हकीकत आम्ही मुद्दाम जशीच्या तशी सांगत आहोत. त्यांचे डिफरन्शिअल मोडले असते तर निबंधास चांगले तात्पर्य मिळाले असते; पण ते मोडले नाही, आणि ते न मोडल्याचा आम्हांस आनंदच आहे. संध्याकाळी त्यांनी हसत हसत विचारले, “मग, काय वाचवलंत तुम्ही?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. काटा पाहून जो थांबतो, त्याच्या हाती पुरावा कधीच येत नाही. टळलेला अनर्थ कोणास दाखविता येत नाही. दिसतात त्या सोडून दिलेल्या चार फेऱ्याच. जो थांबत नाही त्याच्या बाजूने रोज एक साक्षीदार उभा राहतो, आणि ज्या दिवशी दंतचक्र भर वेगात अडकून चाके जखडतात, त्या एका दिवशीच काय ती साक्ष फिरते. जगात सावधपणाची बाजू वादात नेहमी लंगडी पडते, त्याचे कारण आमच्या मते हेच असावे.

तरी मापक काढून टाकावा असे आम्हांस वाटत नाही. तो तेल थंड करीत नाही, गाडी थांबवीत नाही. तो फक्त “मला ठाऊक नव्हते” ही सबब आमच्या हातून काढून घेतो. आणि एक लाभ असा की थंड ऋतूत मागचा काटा ९५ वर असता आम्ही पूर्वीपेक्षा अधिक निर्भयपणे गाडी पिटाळतो; मर्यादा कोठे आहे हे कळल्यावर तिच्या अलीकडची सगळी जागा आपली होते. आता तेल बदलताना बुचाच्या लोहचुंबकास चिकटलेला गाळ आम्ही बोटांवर घासून पाहतो. राखाडी, मऊ लेप असला तर निश्चिंत असावे. टोचणारी कपची लागली तर पेटी उघडावी.

ज्यांस दोन मापक परवडत नसतील, त्यांनी एकच घ्यावा, आणि तो गिअरबॉक्सला न बसविता मागच्या डिफरन्शिअलला बसवावा. तेथे तेल थोडे असते, वाराही थोडा लागतो, आणि तेथला आवाज चालकाच्या कानावर सर्वांत उशिरा येतो.