अंगठेबहाद्दर

आमच्या हॉस्टेलवर दुखण्यांची एक अलिखित मेरिट लिस्ट आहे. डेंग्यू पहिला. त्याला घरून डबे येतात, मेसमधून वेगळी खिचडी मिळते आणि रेक्टर सर स्वतः रूमवर येऊन चौकशी करतात. पाय मोडला तर प्लास्टरवर अख्ख्या विंगच्या सह्या होतात. साध्या तापालासुद्धा कुणीतरी कँटीनमधून चहा आणून देतं. आणि यादीत अगदी तळाशी, सर्दीच्याही खाली, अंगठा मुरगळणे!

"काय झालं रे हाताला?"
"अंगठा."
"फ्रॅक्चर?"
"नाही, स्प्रेन."
"हात्तिच्या!"

संपली सहानुभूती. गेल्या दिवाळीपासून दोन महिने मी हे 'हात्तिच्या' ऐकतोय, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं गाव मानकोली. ठाण्याहून नाशिककडे निघालात की हायवेवर भिवंडीच्या अलीकडे नाका लागतो, तेच. मुंबईत जकात होती तेव्हा (ती २०१७ साली जीएसटी आल्यावर गेली) तिच्या हद्दीबाहेर आणि हायवेला लागून माल उतरवायला आमची भातशेतं फार सोयीची ठरली. त्यामुळे आता गावाभोवती भाताऐवजी गोडाऊनं पिकतात. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मोबाइल बहुधा आमच्याच भागातून हॉस्टेलवर येतो. तरी अजून थोडी शेतं शिल्लक आहेत आणि दिवाळीच्या सुमारास भात कापून झालं की तिथे टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. अशाच एका शेतात मी पॉइंटला उभा होतो. बॉल वेगात आला, अंगठ्याच्या टोकावर आदळला आणि अंगठा बाहेरच्या बाजूला पार उलटा वळला. कॅच सुटला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

घरी आलो तर आजी म्हणाली, "मोरला का रं आंगठा?" आमच्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. हा किस्सा मी नंतर वर्ध्याच्या रूम पार्टनरला सांगितला, तर तो बराच वेळ या प्रकरणात मोर कुठून आला याचाच विचार करत बसला. आजीने आंबेहळद आणि तुरटीचा लेप गरम करून लावला. शेजारच्या काकांनी मालीश करणाऱ्या एका उस्तादाचा पत्ता दिला. पण सकाळपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी वांग्यासारखी सूज आली आणि बाबांनी मला गाडीवर घालून थेट डॉक्टरांकडे नेलं.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. मी खूश! डॉक्टर म्हणाले, "थांब. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही." मग त्यांनी आधी चांगला अंगठा हळूच बाहेर ढकलून पाहिला, नंतर दुखरा. दोन्ही बाजूंची तुलना करायची, हीच तपासणी. दुखरा जरा जास्त सैल होता, पण कुठेतरी जाऊन अडत होता. म्हणजे तर्जनीच्या बाजूचा अस्थिबंध अर्धवट फाटला होता, पूर्ण तुटला नव्हता. पूर्ण तुटला की कधीकधी त्याचं तुटकं टोक बाजूच्या स्नायूच्या पडद्याबाहेर अडकतं आणि मग कितीही विश्रांती घेतली तरी ते आपल्या जागी परत चिकटत नाही. स्टेनर नावाच्या स्वीडिश सर्जनने १९६२ साली हे दाखवून दिलं. अशा वेळी ऑपरेशनला पर्याय नाही. माझं चार आठवड्यांच्या स्प्लिंटवर भागलं. "आणि मालीश अजिबात नाही," असंही डॉक्टरांनी बजावलं. आजीच्या लेपाबद्दल ते काही बोलले नाहीत, तेव्हा तो निर्दोष सुटला असं घरात धरून चालतात.

याच दुखण्याला इंग्रजीत शिकारराख्याचा अंगठा म्हणतात. स्कॉटलंडमधले शिकारराखे सशांच्या माना हातानेच पिरगाळायचे. वर्षानुवर्षं ते करून त्यांचा हाच अस्थिबंध ढिला पडायचा, असं कॅम्पबेल नावाच्या सर्जनने १९५५ साली लिहिलं. म्हणजे मुळात हे खेळाडूंचं नव्हे, कामगारांचं दुखणं. हे वाचलं तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती.

आपण मेकॅनिकलवाले, म्हणून यंत्राबद्दल दोन शब्द. अंगठ्याच्या अगदी मुळाशी मनगटाजवळ जो सांधा आहे तो खोगिराच्या आकाराचा आहे. एका खोगिरावर दुसरं खोगीर आडवं ठेवावं तसा. त्यामुळे अंगठा पुढे-मागेही जातो, आत-बाहेरही जातो आणि थोडा स्वतःभोवती वळून बाकीच्या चारही बोटांसमोर उभा राहतो. बाकीची बोटं नुसती मिटतात, पकड होते ती अंगठा समोर आल्यावर. एकलव्याकडून द्रोणाचार्यांनी नेमका अंगठाच का मागितला, ते मला मेसमध्ये कळलं. एका हाताने पोळी तोडून पाहा! तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमट्यात पोळी धरून मी ओढायचो आणि अख्खी पोळी भाजीत पडायची. पहिले तीन दिवस मी फक्त भात खाल्ला. पुढची यादी मोठी आहे: शर्टाचं बटण, जीन्सचं बटण (हे फार वाईट), कुलपाची किल्ली, पाण्याच्या बाटलीचं झाकण, आंघोळीची बादली, टूथपेस्ट. सकाळच्या लेक्चरला मी ट्रॅक पँटमध्ये का बसतो, असं एका सरांनी विचारलं होतं. सर, कारण हे होतं.

त्यात हॉस्टेलच्या हजेरीचं मशीन. तिथे माझा उजवाच अंगठा नोंदलेला, आणि तो स्प्लिंटमध्ये. दोन दिवस मी रेकॉर्डवर गैरहजर आणि मशीनसमोर हजर. शेवटी ऑफिसातल्या मावशींनी डावी तर्जनी नोंदवून घेतली आणि म्हणाल्या, "इंजिनिअर होणार, आणि अडलंय अंगठ्यावाचून!" आमच्या पणजोबांनी जमिनीच्या कागदांवर अंगठे उठवले, म्हणून त्यांना अंगठेबहाद्दर म्हणायचे. चार पिढ्यांनी आम्ही परत तिथेच.

पण खरी धास्ती सेमिस्टरची होती. स्प्लिंट लागून तीन आठवडे होत असतानाच एम-थ्रीचा पेपर. लेखनिक मागता आला असता, पण फूरिअर सीरिज दुसऱ्याला तोंडी सांगून लिहून घ्यायची म्हणजे लेखनिकाचीही परीक्षाच. माझ्या स्प्लिंटमधून अंगठ्याचं टोक मोकळं होतं. डॉक्टरांनी थोडं थोडं लिहायला परवानगी दिली. रूम पार्टनरने पेनावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून ते काकडीएवढं जाड केलं. रोज रात्री मी घड्याळ लावून लिहायचो. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत हात भरून आला, पेपरच्या आदल्या दिवशी पाऊण तास टिकला. प्रत्यक्षात तीन तासांत एक अख्खा प्रश्न हात न लावता राहिला. पास झालो. किती मार्कांनी ते विचारू नका.

या काळात विंगमधल्या क्रिकेटपंडितांनी मला रोहित शर्मा ऐकवून ऐकवून बेजार केलं. ७ डिसेंबर २०२२, मीरपूर. स्लिपमध्ये डाव्या अंगठ्याला लागलं, टाके पडले, तरी नवव्या नंबरवर येऊन २८ चेंडूंत नाबाद ५१. "आणि तू पोळी तोडत नाहीस!" खरं आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. त्यानंतर बांगलादेशातल्या दोन्ही कसोटी तो खेळला नाही, आणि परत उतरला तो थेट जानेवारीत, श्रीलंकेविरुद्ध. त्या इनिंगचे व्हिडिओ सगळ्यांकडे आहेत, विश्रांतीच्या महिन्याचा एकही नाही.

परीक्षा संपल्यावर घरी गेलो. स्प्लिंट निघाला तेव्हा अंगठा माझा वाटेना. कडक, पांढरट, आणि मुळाशी असलेला मांसल उंचवटा पार सपाट. हात बघायची हौस असलेला माझा एक मित्र २०२४ साली खुल्या झालेल्या मोठागाव पुलावरून डोंबिवलीहून मला भेटायला आला. (पूल नव्हता तेव्हा कल्याणच्या दुर्गाडीवरून वळसा घालावा लागायचा. तेव्हा तो यायचा नाही.) त्याने तळहात पाहून जाहीर केलं की माझा शुक्र आटलाय, लग्नाचं कठीण दिसतं.

मग भिवंडीत फिजिओथेरपी. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मेणाचा शेक झाला की मॅडम व्यायाम घ्यायच्या आणि प्रगती मोजायच्या. मोजपट्टी काय, तर आपलाच हात! कपांजी नावाच्या फ्रेंच सर्जनची १९८६ सालची पद्धत. वाचता वाचता करून बघा. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या कडेला खालच्या पेरावर टेकलं तर १, मधल्या पेरावर २. तर्जनीच्या टोकाला ३, मधल्या बोटाच्या ४, अनामिकेच्या ५, करंगळीच्या ६. मग करंगळीवरूनच घसरत खाली यायचं, तिच्या तीन घड्यांना ७, ८, ९, आणि करंगळीखाली तळहातावरच्या रेषेला टेकलं की १०. ना व्हर्निअर, ना लीस्ट काउंट. पहिल्या दिवशी माझा स्कोअर चार. घरी रबराचा गोळा दाबायला सांगितला होता. आईने गोळा बाजूला ठेवला आणि तांदळाच्या भाकरीची उकड माझ्यापुढे सरकवली. रोज दहा भाकऱ्यांचं पीठ मळायचं. चेंडूपेक्षा ते बरंच अवघड, आणि गरमही असतं. दोन आठवड्यांत मी सातवर आलो.

तिथेच शेजारच्या बाकावर एक लूम कामगार यायचा. पस्तिशीचा असेल. दुखणं तेच, अंगठाही उजवाच. सुताचा बीम उचलताना मुरगळलेला. त्याला स्प्लिंट आठ दिवस होता. नंतर त्याने तो काढून ठेवला, कारण स्प्लिंट घालून गाठ मारता येत नाही. लूमवर ताण्याचा धागा तुटला की लूम थांबवायचा, दोन टोकं अंगठा आणि तर्जनीत धरून गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. असे चार-सहा लूम एका माणसाकडे, पाळी बारा तासांची, पैसे मीटरवर. लूम थांबला की मीटर थांबला. "भइया, बाकी सब उंगली सुट्टी पे जाए, चलेगा," तो मला म्हणाला, "अंगूठा नहीं."

मी घरी येऊन शोधलं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एकेका बोटाची किंमत ठरलेली होती. अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरायचं, अंगठा गेला तर ३० टक्के. तीन बोटं गेली तरीही ३०च. म्हणजे एक अंगठा बरोबर तीन बोटं! पण ती यादी कायमच्या नुकसानीची. मुरगळून दीड महिन्यात बरा होऊ शकणारा अंगठा त्यात कुठून असणार?

एका शनिवारी मॅडमनी दोघांचाही स्कोअर घेतला. माझा आठ. त्याचा सहा. मॅडम म्हणाल्या, अजून तीन आठवडे तरी यावं लागेल, टोकं टेकली म्हणजे जोर आला असं नाही, आणि सांधा असाच ढिला राहिला तर पुढे जन्मभर दुखेल. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग अंगठा तर्जनीला टेकवून आम्हाला दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, गाँठ तो तीन नंबर में लग जाती है."

मंगळवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही. माझी सुट्टी संपेपर्यंत मी जात राहिलो, शेवटच्या शनिवारी नऊ झाले. मॅडमनी त्याचा कागद मात्र अजून फाइलमध्ये वरच ठेवला होता.